मैदानाच्या कडेला : मिनिटांची वही

गेली सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या मंडळाच्या लहान पोरांना फुटबॉल शिकवतो. सकाळी साडेसहा ते आठ मैदान, मग शिरोलीला फौंड्रीतली ड्युटी, असा दिवस. या सदरासाठी येणारी पत्रं मी रात्री जेवण झाल्यावर वाचतो. या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रं आईवडिलांची होती. मुलांचा विषय असल्यामुळं कुणाचंच नाव छापलेलं नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. एका मंडळाच्या लहान गटात खेळतो. सरावाचा एक दिवस चुकवत नाही. पण गेल्या चार सामन्यांत त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. सामन्याच्या दिवशी घरी आला की बोलत नाही, अर्धवट जेवून झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मलाच उठवून बूट मागतो. प्रशिक्षकांशी बोलू का? बोलले तर त्याचा राग पोरावर निघेल अशी भीती वाटते. त्याचे वडील म्हणतात, बंदच कर हे फुटबॉल. — एक आई, कळंबा

उत्तर : ताई, बंद करू नका. पहाटे उठून बूट मागणारं पोरगं आहे. त्याचं त्याला कळलंय काय पाहिजे ते.

आणि बोला, जरूर बोला. फक्त सामन्याच्या दिवशी नको, आणि इतर पोरांसमोर नको. सरावानंतर चेंडू गोळा करून जाळीत भरत असतात, तेव्हा दोन मिनिटं बाजूला घ्या. ‘याला का घेतलं नाही’ असं विचारलंत की प्रशिक्षक लगेच पोराच्या उणिवा सांगायला लागेल. ‘पुढच्या सामन्यात याला किती मिनिटं मिळतील’ असं विचारा. या प्रश्नाला आकड्यातच उत्तर द्यावं लागतं. मी हे ठामपणानं सांगतोय, कारण त्या जागेवर मी उभा राहिलोय. चूक माझी होती.

पंधराएक वर्षं झाली. आमच्याकडं अकरा वर्षांचं एक पोरगं यायचं. अंगानं किरकोळ, डावा पाय चांगला, पण पळायला मंद. आई चार घरी पोळ्या लाटायची. मे महिन्यात लहान गटाची स्पर्धा होती, आमचे चार सामने झाले. आमच्यात पद्धत अशी की, जर्सी मंडळाची. पोरानं ती स्पर्धेपुरती घरी न्यायची, धुवायची आणि संपल्यावर सोमवारी ट्रंकेत जमा करायची. याला चौदा नंबर दिला होता. चारही सामन्यांत हा चौदा नंबर घालून माझ्या डाव्या हाताला बसलेला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आणखी एक गोल झाला की याला घालू. गोल झाला की वाटायचं, आता समोरचे अंगावर येतील, थोडं थांबू. अंतिम सामना आम्ही १-० जिंकला. ढाल मिळाली, गुलाल झाला, पेठेत ट्रॅक्टरवरून फिरलो.

सोमवारी पोरं जर्स्या घेऊन आली. फुटबॉल खेळलेली जर्सी धुतली तरी कळते. खांद्याला, कोपराला लाल मातीची फिकट तांबूस छटा राहते, आणि साबणाच्या वडीचा वास येतो. चौदा नंबरची जर्सी घेऊन आई स्वतः आली होती, पोरगं मागं उभं. मी हातात घेतली तर घड्या अगदी मी दिल्या होत्या तशाच, इस्त्रीची रेघ छातीवर सरळ. ती म्हणाली, ‘सर, ही धुतली नाही. माती लागलीच नव्हती.’ आवाजात तक्रार नव्हती. न धुता परत केली म्हणून आपल्याला बोलणी बसतील, एवढीच तिला काळजी होती.

मी वहीत चौदा नंबरपुढं ‘जमा’ लिहिलं. मागं टेबलावर ढाल होती, तिच्याकडं बघायची त्या दिवशी माझी इच्छा झाली नाही.

जूनमध्ये सराव सुरू झाला तेव्हा ते पोरगं आलं नाही. मी घरी गेलो. म्हणालं, ‘मी बघायला येतो की, सर.’ आणि खरंच यायचं. मैदानाच्या कुंपणभिंतीवर पाय सोडून बसायचं, भिंतीपलीकडं गेलेला चेंडू पळत जाऊन आणून द्यायचं. मी दोन-तीनदा बोलावलं, आत ये म्हणालो. हसायचं, पण आत आलं नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोराला एकदा वाटलं की आपण इथं मोजणीत नाही, की मग तुम्ही कितीही हाका मारा.

त्या जूनमध्येच मी वही केली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात असते तसली. डाव्या बाजूला पोरांची नावं, पुढं सामन्यागणिक रकाने, प्रत्येक रकान्यात मिनिटं. नियम एकच ठेवला : बारा वर्षांखालच्या गटात जो सरावाला येतो तो प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ खेळतो. अंतिम सामना असला तरी. पहिल्या वर्षी दोन स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. मंडळातली ज्येष्ठ मंडळी रागावली, पेठेचं नाव घालवलंस म्हणाली. मी वही उघडून दाखवली आणि म्हणालो, एकोणीस पोरं आली होती, एकोणीसच्या एकोणीस अजून येतात, आधी आपली पाच-सहा दरवर्षी गळत होती. सगळ्यांना पटलं असं नाही. पण वही आजही चालू आहे, आताची सातवी.

यात नुसती माया नाही, हिशेबही आहे. लहान गट जन्मवर्षावर असतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. दहा वर्षांच्या पोराला अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा भाग. उंची, वजन, पळ सगळ्यात तो दिसतो. जगभर अभ्यास झालेत, निवडलेल्या लहान खेळाडूंत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं कायम जास्त निघतात. म्हणजे आपण ज्याला ‘गुण’ म्हणतो ते बऱ्याचदा नुसतं वय असतं. जर्मनीनं तर २०२४-२५ च्या हंगामापासून लहानग्यांचे सामनेच बदलले : अगदी छोट्यांचे दोन-दोन, तीन-तीन जणांचे संघ, छोटी मैदानं, छोटे गोल आणि खेळाडू ठरावीक वेळानं आतबाहेर. चारवेळा जगज्जेते झालेल्या देशाला राखीव पोरांचा बाक नकोसा वाटतो. आपल्याला तो का एवढा प्यारा?

तुमच्या मुलाची जन्मतारीख बघा, ताई. ऑक्टोबर-डिसेंबरातला असेल तर ही गोष्ट प्रशिक्षकांना नीट समजावून सांगा. त्यांनी ऐकलं तर उत्तम. दोन महिन्यांत काही बदल दिसला नाही तर मंडळ बदला, फुटबॉल नको. कोल्हापुरात मंडळांना तोटा नाही. आणि तोवर सामन्याहून गाडीवर घेऊन येताना खेळाचं काही विचारू नका. रस्त्यात उसाचा रस पाजा. त्याला बोलायचं असेल तर ग्लास संपायच्या आत तो बोलेल.

प्रश्न : मुलगा चौदा पूर्ण आहे, पण दिसायला लहान. एका ओळखीच्या माणसानं सुचवलं की दाखल्यावर दोन वर्षं कमी करून घ्या, खालच्या गटात चमकेल, अकादमीत नंबर लागेल. सगळेच करतात असं तो म्हणाला. तुमचं मत हवं. — एक वडील, कागल

उत्तर : करू नका. दादा, यात मत कसलं द्यायचं?

आधी व्यवहाराचं सांगतो. राष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत नोंदणी आता संगणकावर होते, खेळाडूचा एक क्रमांक कायमचा राहतो. वयाची शंका आली की मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात मनगटातली हाडं ठरावीक क्रमानं जुळत जातात, त्यावरून हाडांचं वय ठरवतात. दाखला काहीही म्हणो, मनगट बोलतं. आणि पकडलं गेलं की बंदी पोरावर येते, सुचवणाऱ्या माणसावर नाही.

आता दुसरं. तुमच्या पोरानं खालच्या गटात जाऊन दहा गोल मारले, तर ते बारा वर्षांच्या पोरांना मारलेले असतील. त्यातल्या कुणाची तरी आई मला पुढच्या महिन्यात पत्र लिहील. शिवाय तुमच्या पोराला रोज खोटी जन्मतारीख पाठ ठेवावी लागेल. मी अशी दोन पोरं पाहिलीत. वाढदिवसाला मित्रांनी विचारलं की खाली बघायची.

दिसायला लहान आहे म्हणता, मग वाढ उशिरा होत असेल. अशा पोरांना अंगाच्या जोरावर भागवता येत नाही, म्हणून ती डोकं आणि पहिला स्पर्श, म्हणजे आलेला चेंडू एका स्पर्शात ताब्यात घेणं, वापरायला शिकतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी उंची आली की तेच त्यांच्या उपयोगी पडतं. थांबा थोडं.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली पुढच्या बाजूला टेंगूळ आलंय. पळताना, जिना चढताना दुखतं. प्रशिक्षक म्हणतात वाढीचं दुखणं आहे, चालायचंच. — एक वाचक, सांगली

उत्तर : वाढीशी संबंध आहे, पण ‘चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध नडगीच्या हाडाला जिथं चिकटतो, तिथं या वयात हाड अजून पक्कं झालेलं नसतं. उड्या, पळणं, चेंडू मारणं याचा ताण तिथंच पडतो आणि जागा दुखरी होते, उंचवटा येतो. डॉक्टर याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. मुलांत साधारण बारा ते चौदा आणि मुलींत त्याआधी एखाद-दोन वर्षं हे दिसतं. वाढ पुरी झाली की बहुतेकांचं थांबतं.

मी माझ्या पोरांना काय करतो ते सांगतो. दुखणं असेल त्या आठवड्यात उड्या आणि वेगानं पळणं बंद. उभ्या उभ्या पास, चेंडू अडवणं, असलं चालू. सरावानंतर दहा-पंधरा मिनिटं फडक्यात गुंडाळून बर्फ. मांडीच्या पुढच्या स्नायूला रोज हळू ताण. मुख्य म्हणजे शाळेचा संघ, मंडळाचा संघ आणि सुट्टीतली शिबिरं असं तिन्हीकडं एकाच वेळी पोराला पळवायचं नाही. हे टेंगूळ मी जास्त करून अशाच पोरांत पाहिलंय.

तरीही एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. रात्री झोपेतून उठण्याइतकं दुखत असेल, सांधा सुजला असेल, पोरगं लंगडत असेल किंवा ताप असेल, तर उद्यावर टाकू नका.

प्रश्न : मी मूळचा शिवाजी पेठेतला, तीस वर्षं पुण्यात. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून शाहू स्टेडियमला सामने बघायला जायचो. आता माझ्या मुलीला एकदा ते दाखवावं म्हणतो. अजून तसंच आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातली सायकलची दांडी वाचली आणि मी उठून पाणी पिऊन आलो. आमच्या घरी दोन भाऊ होतो. एक दांडीवर, एक कॅरिअरवर.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापुरातलं फुटबॉल तालमींचं आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, तांबडी माती, मारुतीची मूर्ती, जोर-बैठका. त्याच तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ काढले. त्यामुळं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावं वाचून परगावच्या माणसाला कुस्तीचे फड वाटतात, पण हे सगळे फुटबॉल संघ. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. संघ कुणा कंपनीचा नाही, पेठेचा. वर्गणी पेठेची, जेवण पेठेतल्या घरी, हरलं की सुतकही पेठेला. मधल्या काळात नायजेरियाहून खेळाडू यायचे, तेही पेठेतच राहायचे. तांबडा रस्सा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी समोर बसून पाहिलंय, आणि दुसऱ्या दिवशी तेच ‘वाढा’ म्हणून वाटी पुढं करत होते.

तसंच आहे का म्हणाल तर, पायऱ्या तशाच तापतात. दुपारी सामना असला की बुडाखाली वर्तमानपत्र घ्यावं लागतं, ते अजून घेतोच आपण. खारे शेंगदाणे कागदाच्या पुरचुंडीत मिळतात. अजूनही कोण कुठल्या बाजूला बसलंय यावरून पेठ ओळखता येते. आणि गोल व्हायच्या आधीचा तो अर्धा क्षण, सगळं स्टेडियम श्वास आत ओढतं ना, तो आवाज तसाच आहे. मी डोळे मिटून सांगू शकतो, चेंडू डी-मध्ये, गोलासमोरच्या चौकटीत, आलाय.

बदललंही आहे. हुल्लडबाजीनं मधे काही हंगाम नासवले. घोषणांच्या जागी शिव्या आल्या, सामने थांबवायची वेळ आली. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण माझ्या लहानपणी समोरच्या पेठेच्या गोलरक्षकानं पेनल्टी अडवली तर आमच्या बाजूचे म्हातारे उठून टाळ्या द्यायचे. मुलीला आणाल तेव्हा कुटुंबं बसतात तिकडं बसा, आणि साखळी सामन्याला आणा, अंतिमला नको. पहिल्यांदा खेळ दिसू दे तिला, गर्दी नंतर.

आणखी एक सांगा तिला. ६ ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात दिल्लीला भारत अमेरिकेविरुद्ध उतरला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिलाच सामना. आपण ०-३ हरलो. पण त्या संघात पुढं खेळायला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आमच्या मंडळाच्या खोलीत दुसऱ्याचा टीव्ही मागून आणून बत्तीस पोरं बसली होती. तिसरा गोल झाल्यावरही एक उठलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा वाजता मैदानावर गेलो तर निम्मी माझ्या आधी आलेली. दव होतं, चेंडू ओला होऊन जड झाला होता, तरी मारत होती.

प्रश्न : अकरा वर्षांची मुलगी मुलांच्या बरोबरीनं खेळते. आता नातेवाईक म्हणतात पुरे झालं. मुलांच्यात खेळवावी का? — एक आई, इचलकरंजी

उत्तर : खेळवा. या वयात मुलामुलींच्या ताकदीत फारसा फरक नसतो, उलट काही मुलींची वाढ आधी होते. बारा-तेरानंतर फरक पडायला लागतो, तोवर मुलींचा संघ शोधा, नाहीतर आणखी पाच जणी गोळा करा आणि मंडळाला सुरू करायला लावा. महिलांची राष्ट्रीय लीग आपल्या देशात २०१६-१७ च्या हंगामापासून सुरू आहे, आणि त्यात आपला एफसी कोल्हापूर सिटी संघही उतरलेला आहे. हे नातेवाइकांना सांगा.

मंडळाकडून मात्र दोन गोष्टी मागून घ्या : कपडे बदलायला कडी असलेली खोली, आणि परगावी सामन्याला जाताना सोबत एक बाईमाणूस. यात तडजोड नको. आमच्याकडं पहिली मुलगी आली तेव्हा खोली नव्हती. आम्ही ट्रंका हलवून चेंडू ठेवायची खोली रिकामी केली, आतून कडी बसवली. दोनशे रुपयांत काम झालं. त्याआधीची वीस वर्षं ते कुणाला सुचलं नाही, याची खंत आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत एकाच मापाचे चेंडू आहेत, तिसरीपासून दहावीपर्यंत. आणि लहान मुलांना हेडर, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, शिकवावं का? — एक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, तुमचं गावच फुटबॉलवेडं, त्याला फुटबॉल मी काय सांगणार! पण चेंडूचं बरोबर विचारलंत. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू घेराला ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजनाला ४१० ते ४५० ग्रॅम. आठ-नऊ वर्षांच्या पोरानं तो मारला की पाय मागं येतो, घोटा दुखतो, मग ते टोकानं मारायला शिकतं आणि ती खोड पुढं जात नाही. आठ वर्षांखाली तीन नंबर, बारापर्यंत चार, तिथून पुढं पाच. पैसे कमी असतील तर आधी चार नंबर घ्या, त्यावर मधली सगळी पोरं खेळतात.

हेडर लहानांना नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ साली दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना हेडर बंद केलं. इंग्लंडनं २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढलं. मी स्वतः बारापर्यंत शिकवत नाही, आणि नंतर शिकवताना फुग्यासारख्या हलक्या चेंडूवर सुरू करतो, दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त नाही. डोक्याला डोकं आपटलं, पोरगं गोंधळलं, ओकारी आली, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. पोरगं ‘मी बराय’ म्हणेल. त्याचं ऐकायचं नाही, दवाखाना गाठायचा.

प्रश्न : वय चौऱ्याहत्तर. मंडळाकडून खेळलो. माझ्याकडं जुने फोटो, दोन ढाली, एक चामडी चेंडू आणि बिल्ले आहेत. पोरांना यात रस नाही, सून म्हणते जागा अडते. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हा काही फोटो भिजले, काचेला चिकटलेत. टाकून देऊ का? — एक जुना खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : आजोबा, काहीही टाकू नका. तुमचं पत्र वाचल्यावर मी तसाच मंडळाच्या खोलीवर गेलो आणि कपाट उघडून बघितलं. आमच्याकडंही पुरातले सात फोटो आहेत, फ्रेमच्या खालच्या कडेला पाण्याची तपकिरी रेघ, बसलेल्या रांगेतल्या खेळाडूंच्या गुडघ्यांपर्यंत.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. ओढला की चेहरा काचेवर राहतो. आहे तसा काचेसकट उजेडात, पण उन्हात नाही, जरा तिरका धरून मोबाइलवर किंवा स्कॅनरवर उतरवून घ्या, मग पुढचं जाणकार माणसाकडून. सुटे फोटो असतील तर एकमेकांवर न ठेवता मधे साधा कोरा कागद घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमटपणा राहतो. चामडी चेंडूला तेल लावू नका, फक्त कोरड्या फडक्यानं पुसा; आत जुनी कापडं भरली तर आकार राहतो. त्याची वादीनं शिवलेली बाजू पोरांना दाखवायची आहे मला. ती बाजू कपाळाला लागली की काय व्हायचं, हे तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना.

पण या सगळ्यांपेक्षा घाईचं काम वेगळं आहे. नावं. आमच्या खोलीत एक फोटो आहे, चौदा खेळाडू, मागं तालमीची पायरी. तेरा जणांची नावं आम्ही विचारत विचारत लावली. उजवीकडून दुसरा, मांडीवर चेंडू घेऊन बसलेला पोरसवदा, केस मागं वळवलेले, तो कुणालाच ओळखू येत नाही. ज्यांना येत असेल ते गेले. कुणाचा तरी काका असेल, आजोबा असेल, याच पेठेत त्याची नातवंडं असतील आणि रोज त्या फोटोखालून चेंडू घेऊन जात असतील.

म्हणून तुम्ही एवढं करा. प्रत्येक फोटोच्या मागं मऊ शिशाच्या पेन्सिलीनं, हलक्या हातानं, डावीकडून क्रमानं नावं लिहा. पेननं नको, शाई पुढच्या बाजूला फुटते आणि दाब उमटतो. राखीव खेळाडूंची लिहा, चेंडू आणून देणाऱ्याचं लिहा, पाणी पाजणाऱ्याचं लिहा. सामना कुणाशी झाला ते आठवलं नाही तरी चालेल.

येत्या रविवारी सराव आठला संपतो. माझी दोन मोठी पोरं सव्वाआठला तुमच्या दारात हजर होतील. एक ढाली उचलेल, दुसऱ्याचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही सांगत जा, तो लिहील. आणि त्या चौदाजणांचा फोटोही मी त्यांच्याबरोबर देतोय. उजवीकडून दुसरा तेवढा बघून सांगा.